पानगळीतली सहल: नागपूर-रामटेकच्या झाडांचे दोन दिवस

नागपुरात राहून आपल्या भागातली झाडं नीट ओळखायची असतील तर ही दोन दिवसांची सहल करा, आणि ती होळीच्या मागेपुढेच करा. पावसाळ्यात नको, डिसेंबरात तर अजिबात नको. माझं मत एवढंच आहे. पण ते का झालं, हे सांगण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहिते.

सहल घेतात ते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. सोबत त्यांची एक जुनी विद्यार्थिनी असते, ती गाडी, जेवण आणि हिशोब बघते. संस्था नाही, नाव नाही, पाटी नाही. मला आमच्या शाळेतल्या एका मॅडमकडून कळलं, तुम्हालाही असंच कुणाकडून तरी कळेल. माझा नंबर कुठे टाकू नका असं सरांनी स्पष्ट सांगितलंय, तेव्हा तो विचारू नका. शनिवार नागपुरात आणि रविवार रामटेक व त्यापुढच्या रस्त्याला, अशी आखणी असते. माणशी अडीच हजार रुपये. त्यात गाडी, दोन्ही दिवसांचा नाश्ता, दुपारचं जेवण आणि वापरायला एक हातभिंग. पंधराच्या वर माणसं घेत नाहीत.

मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. पाठ्यपुस्तकातलं फूल म्हणजे जास्वंद, झाड म्हणजे आंबा आणि पान म्हणजे पिंपळ, एवढ्यावर मुलांचं भागतं हे मला फार दिवसांपासून खटकत होतं. आपल्या मुलांच्या शाळेमागे पळस फुललेला असतो आणि त्यांना तो ओळखता येत नाही. सोबत सासूबाईंनाही घेतलं. त्यांचं माहेर अर्जुनी-मोरगावकडचं, जंगलाला लागून असलेलं. नागपुरात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली, पण मोहाचा विषय निघाला की त्या अजूनही तिकडच्याच होतात.

आधी मोसमाबद्दल. झाडं बघायला म्हटलं की लोकांना श्रावण आठवतो. मलाही तसंच वाटायचं. पण आपलं जंगल पानझडीचं, सागाच्या पट्ट्यातलं. श्रावणात ते हिरवंगार असतं हे खरं, पण त्या हिरव्यात साग सोडला तर बाकी सगळं एकसारखं दिसतं. पाऊस हा जमिनीलगतच्या गोष्टींसाठी चांगला: कंद, गवतं, वेली, रानभाज्या. झाडांची ओळख मात्र फाल्गुन-चैत्रात होते. पानं गळालेली असतात, त्यामुळे साल दिसते, फांद्यांची ठेवण दिसते, मागच्या वर्षीच्या शेंगा लटकलेल्या दिसतात, आणि पळस, काटेसावर, गणेर, पांगारा ही मंडळी पानांच्या आधी फुलतात म्हणून लांबूनच कळतात. सरांच्या सगळ्या आखणीचा पाया हाच आहे. ते आधी महिना ठरवतात, मग कुठली झाडं त्या महिन्यात बोलती झालीत ते बघतात आणि त्यावरून जागा ठरवतात. आपण नेहमी उलटं करतो. आधी ठिकाण, मग सुटी, आणि तिथे गेल्यावर जे दिसेल ते.

शनिवारी सकाळी साडेसहाला महाराजबागेपासून सुरुवात झाली. भोसल्यांच्या काळापासूनची ही बाग, आता कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि आतलं प्राणिसंग्रहालय १८९४ सालचं. नागपूरकर इथे वाघ-बिबट बघायला लहानपणी येऊन गेलेला असतो आणि झाडांकडे मान वर करून त्याने कधी पाहिलेलं नसतं. सरांनी आम्हाला पहिला तासभर एकाही झाडाचं नाव सांगितलं नाही. प्रत्येकाने एक झाड निवडायचं, त्याच्या बुंध्याशी उभं राहायचं, सालीवरून हात फिरवायचा, खाली पडलेलं पान उचलायचं आणि जे दिसतं ते तोंडी सांगायचं. तोडायचं काहीच नाही, हा नियम दोन्ही दिवस होता. माझ्या वाट्याला करंज आला. पान संयुक्त आहे, पर्णिका पाच किंवा सात आहेत, शेवटची एकटी आहे, शेंग चपटी असून तिला बारीक टोक आहे, हे सगळं मी स्वतः बघून सांगितल्यावर सर म्हणाले, "आता हा करंज." पस्तीस मिनिटं ज्याच्याजवळ उभी होते ते झाड आता मला गाडीतून जातानाही कळतं. शिकवण्याची ही रीत मला इतकी पटली की पुढच्याच आठवड्यात शाळेच्या मैदानावर मी ती वापरली.

शहरातल्या बागेत झाडाची ओळख करून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी रानात ते झाड आपलं आपण शोधायचं, हा या सहलीचा क्रम आहे. बागेत पाटी असते, सावली असते, बसायला बाक असतो, थांबून विचारायला वेळ असतो. रानात यातलं काहीच नसतं. थेट जंगलात नेणाऱ्या सहली मी केल्या आहेत. तिथे पन्नास नावं कानावर पडतात आणि घरी येईपर्यंत पाचही उरत नाहीत.

नाश्त्याला तर्री-पोहे झाले. नंतर सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवरून पायी फिरलो. हा भाग सरांनी भराभर उरकला, आणि ते बरोबरच होतं, कारण मुद्दा एकच होता: रस्त्याकडेला आपण ज्यांना आपली झाडं समजतो त्यातली किती बाहेरून आलेली आहेत. गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष आणि नीलमोहर अमेरिकेकडचे, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मेक्सिकोच्या बाजूचे. गिरिपुष्पाचा गुलाबी बहर त्या वेळी सरत आला होता. सर कुठल्याच झाडाला शिव्या देत नाहीत, हे मला फार आवडलं. वर्षावृक्षाने नागपूरच्या उन्हात चार पिढ्यांना सावली दिली, त्याचा मान ठेवायचाच. पण नवीन रस्त्याला झाड लावताना नगरसेवकापासून शाळेपर्यंत सगळ्यांनी कडुनिंब, करंज, अर्जुन, मोह, बहावा यांचा विचार आधी करावा, असं त्यांनी पोटतिडकीने सांगितलं. आमच्यातल्या एका गृहस्थांनी तिथेच आपल्या सोसायटीच्या अध्यक्षांना फोन लावला.

दुपारी बाराला जेवण आणि चारपर्यंत सुटी. मार्चच्या शेवटी नागपुरात दुपारी काय असतं ते नागपूरकराला सांगायला नको. बाहेरगावच्या लोकांनी मात्र ही सुटी कमी करा म्हणून आग्रह धरू नये. जेवण एका घरगुती खानावळीतलं: पाटोडीची रस्साभाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, वरण-भात आणि ताक. दोन दिवसांतलं हे जेवण सगळ्यात चांगलं.

संध्याकाळी सेमिनरी हिल्स. इथे मला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली दगडाची. नागपूर हे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या काठावर बसलेलं शहर आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हा सगळा लाव्हाचा दगड. पुढे उत्तरेला रामटेक-मनसरकडे जाल तर खालचा खडक बदलतो, तो कितीतरी जुना, रूपांतरित खडक आहे. खडक बदलला की माती बदलते आणि कोणतं झाड कुठे मजेत उभं राहील तेही बदलतं. आणि लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये जो गाळ साचला त्यात साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या वनस्पती दगड होऊन बसल्या आहेत. आपल्या टाकळी भागातून असे फळांचे, बियांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच हे. मी त्या कॉलेजवरून रोज जाते आणि मला हे माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट पळस. पळसाला पाने तीनच, ही म्हण सगळ्यांना पाठ असते, फूल मात्र कुणी उघडून बघत नाही. सरांनी खाली पडलेलं एक ताजं फूल घेतलं, नखाने देठाकडून उकललं आणि भिंगाखाली धरलं. बाहेरचा निदलपुंज काळपट हिरवा, मखमली. बोट फिरवलं की केस कळतात. पाकळ्या पाच. एक मोठी, मागे वळलेली, ती पताका. दोन बाजूच्या, त्या पंख. आणि उरलेल्या दोन खाली जुळून टोकदार, वर वळलेली नौका झालेली. नौकेवर रुपेरी लव आहे, भिंगाशिवाय ती नुसती चमक वाटते. नौका चिरली तर आत दहा पुंकेसर: नऊ तळाशी एकत्र जुळलेले आणि दहावा वेगळा. त्या मोकळ्या जागेतून तळाशी मधुरस साचलेला दिसतो. पक्षी फांदीवर बसून चोच खुपसतो, नौका दबते, पराग त्याच्या गळ्याला लागतात आणि तो पुढच्या फुलावर जातो. शिंजीर, मैना, कोतवाल, सातभाई अशी सगळी गर्दी फुललेल्या पळसावर का असते, ते तिथे उभ्या उभ्या कळलं. मग सरांनी खिशातून वाटाण्याचं फूल काढलं. सकाळी घरच्या कुंडीतून मुद्दाम आणलेलं. तीच पताका, तेच पंख, तीच नौका, तेच नऊ अधिक एक. हरभरा, वाटाणा, तूर आणि पळस एकाच कुळातले. गेली कित्येक वर्षं मी हे वर्गात फळ्यावर काढते आहे, पण तळहातावर असं शेजारी शेजारी ठेवून मी कधी दाखवलं नव्हतं. आता दाखवते.

यानंतर फुटाळा तलावाच्या बाजूला तेलंगखेडीच्या बागेकडे जायचं होतं, तिथपर्यंत पोचेस्तोवर अंधार झाला. तिथलं काहीच नीट बघून झालं नाही. पळसावर इतका वेळ दिल्यावर हे होणारच होतं, आणि मला विचाराल तर तेलंगखेडी कार्यक्रमातून काढूनच टाकावी. ती नागपूरकराला कधीही करता येते.

रविवारी पहाटे चारला गाडी सुटली. उठायला जड जातं हे खरं, पण या वेळेत तडजोड करू नका, कारण मोह पहाटेच पडतो. जबलपूर रस्त्याने मनसर ओलांडून देवलापारच्या बाजूला एका गावाच्या कडेला आम्ही पोचलो तेव्हा उजाडायला वेळ होता. झाडाखाली दोन बायका आणि एक शाळकरी मुलगा टोपल्या घेऊन आधीच हजर. गावात कोणती झाडं कोणत्या घराची हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं, त्यामुळे सरांनी त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं आणि आम्हाला बजावलं होतं की खालचं एक फूलही उचलायचं नाही, हवं तर त्यांच्याकडून विकत घ्यायचं.

सगळे गप्प बसलो. वाळलेल्या पानांवर फुलं पडण्याचा आवाज येत होता, आधी थांबून थांबून, मग लागोपाठ. उजाडलं तसं दिसायला लागलं. फांद्यांच्या टोकाला घोस, त्यातून लांब परागवाहिनी बाहेर आलेल्या, आणि फुलाचा पाकळ्यांचा भाग तेवढा पुंकेसरांसकट अख्खा निसटून खाली येतो. तोच आपला मोह: फिकट पिवळसर, जाडसर, रसाने भरलेला. वर राहिलेल्या भागाचं पुढे फळ होतं. म्हणजे माणसाने, अस्वलाने, हरणाने कितीही मोह वेचला तरी झाडाच्या बियांचं काही कमी होत नाही. रात्री वटवाघळं येतात, त्यांच्यामुळे परागीभवनही होतं. हे ऐकून मला त्या झाडाबद्दल एकदम जास्तच आदर वाटला.

सासूबाई इथे सरांपेक्षा पुढे गेल्या. सर फळाबद्दल सांगायला लागले तर त्या मध्येच म्हणाल्या, "त्याले टोळ म्हनते बाप्पा आमच्याकडं. तेल काढत होतो ना आम्ही. दिव्याले बी तेच, अन् तयाले (तळायला) बी तेच." मग मोह वाळवायचा कसा, भाजायचा कसा, तिळासोबत कुटून लाडू कसे करायचे, भाकरीत घालायचा तर किती, हे त्यांनी त्या दोन बायकांशी बोलत बोलत सांगितलं आणि आम्ही सगळे ऐकत राहिलो. त्यातल्या मोठ्या बाईने सासूबाईंना "माय, तुमचं गाव कोन्तं?" विचारलं आणि पुढची वीस मिनिटं सहल थांबली. सरांनी ती थांबू दिली. वनस्पतीची सहल घेणाऱ्या माणसात हा समजूतदारपणा असणं मला ज्ञानाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आम्ही त्यांच्याकडून पायलीभर मोह घेतला.

एक काळजीची गोष्टही तिथेच कळली. मोह वेचायला सोपा जावा म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि मार्च-एप्रिलमधल्या बऱ्याच वणव्यांचं मूळ त्यात असतं. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलतात. फुलं स्वच्छ राहतात आणि आगही लागत नाही. या गावात पाला झाडून बाजूला सारलेला होता. सरांनी त्याबद्दल त्या बायकांचं मोकळेपणाने कौतुक केलं.

तिथून परतीच्या दिशेने रस्त्याकडेचं जंगल बघत आलो. गाडी थांबायची, उतरायचं, पन्नास-शंभर पावलं चालायचं, पुन्हा गाडीत. ऐन त्याच्या मगरीच्या पाठीसारख्या सालीवरून मी पहिल्या झटक्यात ओळखला. त्याचा भाऊ अर्जुन नाल्याच्या काठी, साल गुळगुळीत, फिकट. दोघांच्याही पानामागे देठाजवळ ग्रंथी असतात. पान खाली पडलेलं सापडलं, भिंगातून बघून घेतलं. धावडा दिसला, ज्याचा डिंक आपण लाडवात घालतो. तेंदूची खुटकटाई (झुडपं बुंध्याशी छाटणं) झालेली, म्हणजे नवीन कोवळी पानं मे महिन्यापर्यंत विडीसाठी तयार होतील. चारोळीच्या झाडाला, आमच्याकडचा चार तो, बारीक हिरवी फळं धरलेली. कुसुमाला लालबुंद कोवळी पालवी, जी बघून निम्मे लोक फुलंच समजले. खडकाळ उतारावर गणेर, निष्पर्ण फांद्यांवर मोठी पिवळीधमक फुलं. आणि कुलू, पुस्तकातला कांडोळ: सगळं रान करपलेलं आणि त्यात हा पांढराफटक, कागदासारखी साल सुटलेला, एकही पान नाही. त्याच्या लालसर फळांवर बारीक खाजरे केस असतात, तेव्हा पडलेलं फळ मुलांना हातात घेऊ देऊ नका.

इथे सफारीबद्दल सांगते, कारण आमच्यातल्या दोघांनी तोच प्रश्न विचारला. पेंचचं सिल्लारी प्रवेशद्वार याच बाजूला आहे, मग आत का नाही गेलो? व्याघ्र प्रकल्पात जिप्सीतून खाली उतरता येत नाही. वाघासाठी ठीक आहे. पण ज्याला साल हाताळायची आहे, खाली पडलेलं पान उचलायचं आहे, एका झाडाशी अर्धा तास काढायचा आहे, त्याला त्याचा उपयोग नाही. गाभा क्षेत्राच्या बाहेर, गावाच्या शिवारात आणि रस्त्याकडेला पायी फिरता येतं आणि झाडं तीच असतात. सफारीचे पैसे वाचवा आणि तिथल्या गावात जेवा.

रामटेकला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. गडावर दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी होती, आम्ही बाजूच्या उतारावर थांबलो. कालिदासाच्या यक्षाने आषाढात मेघाला ताज्या कुटजफुलांचं अर्घ्य दिलं ते रामगिरीवर, आणि रामटेकचा हा गड म्हणजेच ती रामगिरी असं इकडे मानतात. कुटज म्हणजे आपला पांढरा कुडा. मार्चमध्ये त्याला फुलं नसतात, पण मागच्या मोसमातल्या शेंगा असतात, आणि त्या बघायलाच सरांनी आम्हाला तिथे नेलं होतं. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने येतात, लांब, बारीक, आणि दोन्ही एकमेकींपासून सुट्या. काळ्या कुड्याच्याही जोडीनेच येतात, पण त्या टोकाशी चिकटलेल्या. दोन्ही झाडांची पानं गळाल्यावर फरक सांगायला याहून सोपी खूण नाही. एक शेंग तडकलेली होती, तिच्यातून रेशमी केसांचा झुपका असलेलं बी वाऱ्याबरोबर निघून गेलं. हे बी म्हणजे इंद्रजव, वैद्यांकडे पोटाच्या विकारावर वापरतात. संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई आमच्यात होत्या. त्यांनी तो मूळ श्लोक म्हटला. त्या आयुष्यभर हा श्लोक शिकवत आल्या आणि कुड्याचं झाड त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता ज्या गोष्टी सुधारायला हव्यात त्या. रविवारचं जेवण महामार्गावरच्या एका ढाब्यावर होतं. अडीच वाजता मिळालं, भाजीवर तेलाचा तवंग, पोळ्या गार. पहाटे चारला निघालेल्या, त्यात वयस्क माणसं असलेल्या गटाला अडीचपर्यंत जेवणाविना ठेवणं बरोबर नाही. जेवणाचं बघणाऱ्या सरांच्या विद्यार्थिनीला तिथेच सांगितलं, त्यांनी मान्य केलं आणि पुढच्या वेळी डबे सोबत घेऊ म्हणाल्या. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय रविवारी सकाळी साडेचार ते नऊपर्यंत कुठेच नव्हती, हे नाव नोंदवतानाच स्पष्ट सांगायला हवं होतं. गाडी जुनी होती, पश्चिमेकडच्या खिडक्यांना पडदे नव्हते, परतीच्या वाटेवर त्या बाजूला बसलेल्यांचे हाल झाले. आणि झाडांची जी छापील यादी देतात तिच्यात शास्त्रीय नावं बारीक अक्षरात भरलेली आहेत, पण कोणतं झाड कुठल्या महिन्यात फुलतं हे नाही. सर तोंडी सतत तेच सांगत होते. मग ते कागदावर का नसावं? मी घरी येऊन माझ्या प्रतीवर महिने लिहून काढले आहेत आणि त्यांना पाठवले आहेत.

दहा वर्षांखालच्या मुलांना शनिवारीच न्यावं. रविवारची पहाट त्यांना झेपत नाही, आमच्या गाडीत एक मुलगा रामटेकला पोचेपर्यंत रडकुंडीला आला होता. गुडघे दुखणाऱ्यांना मात्र काही अडचण नाही. चढण अशी फारशी नाहीच, आणि सासूबाई सत्तरीच्या पुढे असून शेवटपर्यंत सोबत चालल्या.

स्वतःच अशी सहल आखायची असेल तर सरांचा क्रम धरा आणि महिना आधी ठरवा. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत पळस आणि काटेसावर. मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत मोह आणि कुसुमाची पालवी. एप्रिल-मे मध्ये बहावा, पण मग सकाळी नऊच्या आत सगळं आटपायचं. कुडा फुललेला बघायचा तर पहिल्या पावसाच्या सुमारास रामटेक. बागांच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्या आदल्या दिवशी विचारून घ्या.

या सहलीत संत्रं नाही, आणि नागपूरची वनस्पती-सहल म्हणून मला ते अपुरं वाटलं. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं फळ. ते बघायचं तर काटोल-कळमेश्वरच्या बाजूला ओळखीच्या शेतकऱ्याच्या बागेत जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जा. तेव्हा आंबिया बहाराची फुलं असतात, बागेत शिरण्याआधीच वास येतो, आणि शेजारच्या बागेत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, फळं पिकत आलेली असतात. एकाच झाडाकडून कोणता बहार घ्यायचा हे शेतकरी पाणी तोडून ठरवतो. ताण किती दिवस द्यायचा आणि कधी तोडायचा हे जमिनीवर अवलंबून असतं. जंबेरी या लिंबाच्या रोपाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमाची कळी, कसा बांधतात ते रोपवाटिकेत बघायला मिळालं तर अवश्य बघा; धारदार चाकूने साल उचलून डोळा आत सरकवण्याचं काम अनुभवी हात मिनिटभरात करतो. अमरावती रोडवर १९८५ पासून केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, शाळेची भेट काढायची तर आधी पत्र देऊन विचारा.

तिसरा दिवस हाताशी असेल तर अमरावतीला वडाळीचं बांबू उद्यान आहे. चिखलदऱ्याला मात्र घाईने जाऊ नका; सुमारे अकराशे मीटर उंचीवरचं, कॉफी पिकवणारं आपल्या विदर्भातलं ते ठिकाण वेगळ्या दोन-तीन दिवसांचं आहे, आणि ते पावसाळ्यानंतरच.

सोबत टोपी, दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट आणि एक जुनी वही न्या. वहीत पडलेली पानं दाबून ठेवता येतात. पायलीभर मोह घ्यायची इच्छा असेल तर कापडी पिशवी. प्लास्टिकमध्ये तो घरी पोचेपर्यंत आंबतो. आणि रजा टाकायची असेल तर लागोपाठचे दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा. मोह कधी आठवडाभर आधी पडायला लागतो, कधी उशिरा. सर गावात फोन करून विचारतात आणि त्याप्रमाणे तारीख पुढेमागे करतात.